फ्लॉपीतलं मिठागर

शकू केणे रागीट आहे असं कोलशेतात सगळे म्हणायचे. म्हणणाऱ्यांच्या बापाचं काय जातं! तिला राग यावा अशीच माणसं एकामागोमाग एक तिच्या वाट्याला आली, आणि वर तीच माणसं सांगत फिरली की बाई फार तापट आहे. ज्याला चटका बसतो तो ओरडतो. त्यात स्वभावाचा प्रश्न कुठे आला?

तिचा बाप गोमाजी जन्मभर मिठागरात राबला. मिठागर शेटचं. शेट मुंबईला राहायचा आणि वर्षातून एकदा गाडीतून येऊन बांधावर नाकाला रुमाल लावून उभा राहायचा. खाडीचं पाणी कुठल्या अंगाने आत येतं हेदेखील त्याला धड माहीत नसावं. ते गोमाजीला माहीत होतं. पुनवेच्या उधाणाला उघाडी, म्हणजे बांधातलं लाकडी दार, किती वर उचलायचं, अष्टमीच्या भांगाला, म्हणजे लहान भरतीला, पाणी कसं अपुरं येतं, खेकड्यांनी बांधाला कुठे भोकं पाडली असतील, हे सगळं त्याच्या अंगात मुरलेलं. मीठ गोमाजीने ओढायचं आणि गोणीवर छाप शेटच्या नावाचा. पुढे शेटने मिठागर बंद केलं, तिथे डंपर येऊन राडारोडा पडायला लागला, आणि कामगारांना कोणी विचारलंसुद्धा नाही. त्याच वर्षी गोमाजीची उजवी बाजू गेली. तेव्हापासून तो ओटीवर खाटेत पडून असायचा आणि भरतीच्या वेळेला आपोआप खाडीकडे तोंड करायचा.

शकू तेव्हा कल्याणला हरिहर सरांच्या कॉम्प्युटर क्लासात शिकवत होती. बी.कॉम. झालेली, त्यांच्या आळीतली पहिली. ठाण्यात खोपटहून एस.टी. पकडायची आणि दिवसभर पोरांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं. दुपारी दोन बॅचच्या मध्ये मशिनं रिकामी असायची. त्या वेळात सर वर घरी जाऊन झोपायचे आणि शकू गेम लिहायची.

गेम मिठागराची होती. पडद्यावर खाली खाडी, वर वाफे, मध्ये बांध, आणि बांधावर डोक्याला फडकं बांधलेला एक माणूस. भरती आली की उघाडी उचलायची, ओहोटी लागायच्या आत टाकायची. पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात फिरवायचं, ऊन खाऊ द्यायचं, खेकडे हाकलायचे आणि पाऊस यायच्या आत मीठ ओढून रास घालायची. तिथी बदलेल तशी भरती कमीजास्त. सगळं चार बाणांच्या बटणांवर, डाव्या हाताने खेळता येईल असं. गेम सुरू झाली की पहिल्यांदा मोठ्या अक्षरांत नाव यायचं: गोमाजी केणे यांचं मिठागर. त्या मशिनला मराठी येत नव्हतं, म्हणून एकेक ठिपका बसवून तिने ती अक्षरं काढली होती.

का काढली, तेही सांगायला हवं. गोमाजीला वाचता येत नव्हतं. साक्षरतेच्या वर्गात चार दिवस गेला होता, तेवढ्यात स्वतःचं नाव ओळखायला शिकला. तेवढंच. क्लासने नवी मशिनं घेतली तेव्हा जुनं एक्स.टी. जातीचं मशिन शकूने पगारातून कापून घेऊन घरी आणलं. हार्डडिस्क नसलेलं, नुसत्या फ्लॉपीवर चालणारं ते धूड ओटीवर ठेवून तिने गेम लावली, तेव्हा गोमाजी पडद्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला.

"शके, यो तं माजा नाव," तो म्हणाला.

"तुजाच. मिठागर पन तुजाच."

त्या दिवसापासून गोमाजी रोज कामावर जायला लागला. सकाळी चहा झाला की त्याला खाटेवर उठवून बसवायचं, मशिन लावायचं, आणि मग आवडाबाईने, म्हणजे त्याच्या बायकोने, जेवायला हाक मारली तरी हा म्हणायचा, "भरती हाय गो, थांब."

इथवर सगळं बरं चाललं होतं. आता चटका.

क्लासातल्या पोरांनी गेम उचलली. फ्लॉपीवरून फ्लॉपीवर करत ती कल्याणभर झाली, डोंबिवलीत गेली, ठाण्यात आली. फ्लॉपी घालायची आणि खेळायचं, दुसरं काही लागत नव्हतं, त्यामुळे ती खिशातून कुठेही जायची. बँकांत जेवणाच्या सुट्टीत लोक खेळायचे म्हणे. शकूला बरं वाटायचं. मग एके दिवशी नव्या बॅचच्या एका मुलीने गेम लावली आणि शकूने पाहिलं, की पहिल्या पडद्यावर लिहिलंय: हरिहर कॉम्प्युटर क्लासेस, कल्याण. खाली फोन नंबर. गोमाजीचं नाव गेलेलं. ठिपके पुसून सरांनी तिथे दुसरे ठिपके बसवले होते.

ती तशीच सरांच्या खोलीत गेली.

"सर, गेमवरचं नाव कोणी बदललं?"

"मी," सर म्हणाले. बेधडक. "अगं, जाहिरात होते क्लासची. सगळीकडे चाललीय ना ती?"

"गेम माझी आहे, सर. नाव माझ्या बाबाचं होतं."

"शकुंतला, मशिन कोणाचं? वीज कोणाची? माझ्या मशिनवर लिहिलंस, ते क्लासचं होतं. एवढं साधं कळू नये?"

शकूला साधंच कळलं. शेटची जमीन, म्हणून मीठ शेटचं. सरांचं मशिन, म्हणून गेम सरांची. बाप-लेकीच्या दोन पिढ्या गेल्या, मधे कॉम्प्युटर आला, आणि भाषा तसूभर बदलली नाही. तिने तिथेच टेबलावर चाव्या टाकल्या आणि नोकरी सोडली. लोक म्हणाले, एवढ्यातेवढ्यावरून लागलेली नोकरी सोडली, रागीट आहे. घ्या!

घरच्या फ्लॉपीवर मात्र गोमाजीचंच नाव होतं. बाहेर काही का चालेना, ओटीवर मिठागर त्याचं. शकू कोलशेतच्याच एका कारखान्यात स्टोअरच्या हिशेबाला लागली, आणि वर्षं गेली.

मशिनं मात्र माणसांपेक्षा लवकर म्हातारी होतात. एक्स.टी. घरघरायला लागलं. पडदा मध्येच आडवा पडायचा. खाडीच्या खाऱ्या हवेने आतले पत्रे गंजले होते. कल्याणच्या भंगारबाजारातून शकू सुटे भाग आणायची आणि बसवायची, पण भंगारातही एक्स.टी. मिळेनासं झालं तेव्हा तिने ओळखलं की हा आता फार दिवसांचा सोबती नाही. तिने गेम कारखान्यातल्या चारशेशहाऐंशी जातीच्या नव्या मशिनवर लावून बघितली. खाडी भरली आणि रिकामी झाली, माणूस बांधावर उंदरासारखा पळाला, आणि डोळ्याचं पातं लवायच्या आत पावसाळा येऊन मीठ वाहून गेलं.

चूक तिचीच होती, आणि तिला ती लगेच कळली. गेमची चाल तिने मशिनच्या वेगावर बांधली होती. मशिनने इतके आकडे मोजले की भरती एक बोट वर, असा तो हिशेब. एक्स.टी. सावकाश मोजायचं. नवी मशिनं भराभर मोजतात. त्याहून नव्या पेंटियमवर तर गेम सुरूच होईना. इंग्रजीत एक ओळ फेकून बंद पडायची. मोजणी काढून टाकून सगळी चाल मशिनच्या आतल्या घड्याळावर बांधायला हवी होती, कारण घड्याळ सगळ्या मशिनांत सारखंच चालतं. त्यासाठी गेमचा मूळ प्रोग्रॅम हवा. तो होता, घरी, फ्लॉपीच्या डब्यात. एकाच्या दोन प्रती केलेल्या होत्या. शकू काही बावळट नव्हती.

नवरात्र चालू होतं. शकूने ठरवलं, दसऱ्याच्या सुट्टीला बसायचं आणि काम उरकायचं.

खंडेनवमीला घरातल्या हत्यारांची पूजा. मिठागर होतं तेव्हा आवडाबाई फावडं, कुदळ आणि मीठ ओढायची फळी ओटीवर मांडायची. फळी केव्हाच चुलीत गेली होती. आता घरात नवऱ्याचं हत्यार म्हणजे ते मशिन, आणि मशिन आजारी. बाईचा जीव त्यात अडकलेला. नवऱ्याला त्या डबड्याने उठवून बसवलं होतं, हे तिच्याइतकं कोणाला माहीत असणार! शकू कारखान्यात गेलेली पाहून तिने मशिन पुसलं, झेंडूचा हार घातला, नारळ वाढवला आणि फ्लॉप्यांचा डबा उघडला. एकेक फ्लॉपी कागदी पाकिटातून काढली. काळ्या चौकोनाला मधे एक लांबट खिडकी असते आणि त्यातून आतली तपकिरी चकती दिसते. आवडाबाईला वाटलं, जीव इथेच असणार. तिने तेलात कालवलेलं हळदकुंकू बोटाने नेमकं तिथे लावलं. वर अक्षता चिकटवल्या. मूळ प्रतीला लावलं, दुसऱ्या प्रतीला लावलं, गेमच्या फ्लॉप्यांना लावलं. मोठ्या मनाची बाई, एकीलाही उपाशी ठेवलं नाही.

शकू घरी आली तेव्हा डबा फुलांखाली होता. तिने उघडला. पहिली फ्लॉपी बघितली, दुसरी बघितली, तिसरी बघितली.

"आये, काय केलास?"

"पूजा केली. त्याला बरा वाटल आता."

"बरा वाटल? अगं, मारून टाकलास तू त्याला! कोनी सांगितला होता हात लावाया? माज्या बापाचा सगला होता त्याच्यान!"

ती ओरडत सुटली. आवडाबाईला काय झालं तेच कळेना. तिने घाईघाईने पदराचं टोक ओलं केलं आणि कुंकू पुसायला घेतलं. अक्षतांचे दाणे चकतीवर घासले गेले आणि उरलंसुरलं होतं तेही चरे पडून गेलं. त्यावर शकू जे बोलली ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईला बोलू नये असं सगळं ती बोलली. आवडाबाई कोपऱ्यात हुंदके देत बसली आणि गोमाजी खाटेवरून म्हणाला, "तिच्यावं नको वरडू. तिना देवाला सांगितला नं माज्यासाठी."

राग खरा कोणावर होता? आईवर नक्कीच नव्हता. पण समोर आई होती, आणि सर दूर कल्याणला होते. रागाचं हेच वाईट. ज्याच्यावर यावा तो कधी हाताशी नसतो.

शकूने फ्लॉप्या पुसल्या, धुतल्या, वाळवल्या, एक्स.टी.त घालून बघितल्या. एकही वाचली गेली नाही. कोणाकडे जुनी प्रत असेल म्हणून तिने ठाण्यात विचारलं, डोंबिवलीत विचारलं. प्रती होत्या, पण सगळ्यांवर सरांचं नाव. शेवटी एका जुन्या विद्यार्थ्याकडून तीच प्रत आणली. तिचीच गेम, तिलाच दुसऱ्याच्या नावाने परत.

तिने ती फ्लॉपी एक्स.टी.त घातली. खाटेवर बसून गोमाजी डावा हात सरसावून तयार होता. कधी नव्हे ती इतके दिवस सुट्टी झाली होती त्याची. पडद्यावर अक्षरं आली. गोमाजीने ती नीट बघितली. वाचता येत नसलं तरी आपलं नाव नाही एवढं त्याला कळत होतं.

"हा माजा नाय," तो म्हणाला.

"बा, गेम तीच हाय. नाव तेवरा बदललंय."

"मंजे ह्यो पन शेटचाच झाला."

आणि त्याने हात मांडीवर घेतला. भरती आली आणि गेली, त्याने उघाडी उचलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. जेवण कमी झालं. खाडीकडे तोंड करणंही त्याने सोडलं आणि भिंतीकडे वळून पडून राहू लागला. डॉक्टरने टॉनिक लिहून दिलं. टॉनिकने काय होणार, कपाळ?

सरांच्या प्रतीवर नाव परत बसवलं असतं तरी एक्स.टी. मोडकळीला आलं होतं, आणि मूळ प्रोग्रॅमशिवाय ती गेम नव्या मशिनवर जाणार नव्हती. शकूने ठरवलं, सगळं पहिल्यापासून लिहायचं. तिने हप्त्याने एक पेंटियम घेतलं, ते एक्स.टी.च्या शेजारी मांडलं आणि कामाला लागली. एका बाजूला जुनी गेम धापा टाकत चालायची, दुसऱ्या बाजूला शकू तिची चाल टिपून नवी बांधायची. माणसाचं पाऊल, पाण्याचं बोट, खेकड्याची तिरकी चाल, उन्हात मिठाची साय धरते तो रंग. जुन्या गेममधलं काही म्हणजे काही सुटू द्यायचं नव्हतं. ज्या माणसाने डाव्या हाताने इतकी वर्षं ती खेळली, त्याच्या बोटांना फरक कळता कामा नये. आवडाबाई चहा आणून ठेवायची आणि मशिनपासून हातभर लांब उभी राहायची. एकदा शकूनेच तिला हाताला धरून शेजारी बसवलं आणि भरतीचं पाणी दाखवलं. माफी वगैरे दोघीही बोलल्या नाहीत.

लिहितालिहिता ती नावापाशी आली. ठिपक्याठिपक्याने पुन्हा गोमाजी केणे काढलं. मग थांबली. हे पुन्हा पुसलं जाणार, हे तिला भरतीइतकं पक्कं माहीत होतं. गेम एकदा बाहेर गेली की सरांच्या हातात पडणार. सर ठिपके बदलणार. तक्रार करायला जाणार कुठे? कोणाला सांगणार, की माझ्या बापाचं मिठागर चोरलं, जे मुळात त्याचं कधी नव्हतंच?

तिथे तिच्या रागाला पहिल्यांदाच नीट काम मिळालं. तिने भरतीचा सगळा हिशेब त्या ठिपक्यांवर बांधला. गोमाजीच्या नावात जेवढे ठिपके, ज्या जागी, त्यांच्या आकड्यांतून पाणी किती चढायचं ते निघायचं. नाव आहे तसं असेल तर पुनवेला उधाण, अष्टमीला भांग. नावातला ठिपका हलला तर खाडी कोरडी.

गेम पुरी झाली तेव्हा ती साडेतीन इंची छोट्या फ्लॉपीवर बसली. मशिन चालू करायला लागणारं सगळं त्याच फ्लॉपीत. कुठल्याही मशिनमध्ये घाला, जुन्या की नव्या, सारख्याच चालीने चालणार, आणि काढली की मागे काही उरणार नाही. शकूने ती पेंटियममध्ये घातली आणि बापाला उठवून बसवलं. नाव आलं. गोमाजीने ते बोटाने हवेत गिरवून खात्री केली. मग भरती आली, हळूहळू, एक्स.टी.वर यायची तशी. त्याचा डावा हात बटणावर गेला.

"उघारी जरा लवकर उचलाया लागंल," तो म्हणाला. "पुनव हाय आज."

शकूला रडू आलं. राग येतो तसंच, एकदम.

मग मागेल त्याला तिने ती फ्लॉपी दिली. जुनी गेम नव्या मशिनवर चालत नाही म्हणून लोक हळहळत होतेच. ठाण्यात गेली, डोंबिवलीत गेली. कल्याणला पोचायला वेळ लागला नाही.

सर आले ते रविवारी सकाळी, रिक्षा करून, शर्टाची घडी न मोडता. केस पांढरे झाले होते. आवडाबाईने सतरंजी टाकली, पाणी दिलं. सरांनी गोमाजीला नमस्कार केला, इकडचं तिकडचं बोलले, आणि मग मूळ मुद्द्यावर आले.

"शकुंतला, तुझी नवी गेम आम्ही क्लासात सगळ्या मशिनांवर घातलीय. नव्या शाखेच्या उद्घाटनाला स्पर्धा ठेवली होती. पालक आलेले, पाहुणे आलेले. पण काहीतरी घोटाळा आहे तिच्यात."

"काय घोटाळा?"

"भरतीच येत नाही. पोरं उघाडी उचलून बसतात, वाफे कोरडेच. फार लाज गेली गं माझी."

"नाव पुसलंत?"

सरांनी शर्टाची बाही सारखी केली.

"सर, मी विचारतेय. नाव पुसलंत का?"

"क्लासचं टाकलं. म्हणजे, पहिल्यापासून तेच आहे ना... लोकांना ओळख आहे."

"होतं ते नाव परत लावा. पाणी येईल."

सरांना कळायला थोडा वेळ गेला. कळलं तसा चेहरा लाल झाला. "म्हणजे तू मुद्दाम केलंस? मी तुला शिकवलं, पहिली नोकरी दिली, आणि माझी चारचौघांत अशी शोभा? एवढ्याशा एका नावासाठी?"

शकू उठून उभी राहिली. गावाने तिचा राग खूप बघितला होता. पण त्या दिवशी तिचा आवाज चढला नाही, आणि तेच सरांना जड गेलं.

"एवढंसंच होतं ना, सर? मग दोनदा कशाला पुसलंत?"

सरांनी गोमाजीकडे बघितलं. गोमाजी मशिनपुढे बसला होता, भरतीची वेळ होती, आणि त्याचं पाहुण्याकडे लक्ष नव्हतं. आवडाबाईने चहा आणून ठेवला. सरांनी तो घेतला, अर्धाच प्यायले आणि कप खाली ठेवला.

"मूळ फ्लॉपी आहे का एक?" त्यांनी विचारलं.

शकूने डब्यातून एक काढून दिली.